आमिष दाखवणं हाच गुन्हा

नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरी तालुक्यात उभाडे नावाचं गाव आहे. तिथल्या कातकरी वस्तीवरची एक दहा वर्षांची मुलगी सप्टेंबर २०२२ मध्ये दवाखान्यात मरण पावली. ती कामाला होती आपल्या नगर जिल्ह्यात, मेंढ्यांमागे. अत्यवस्थ झाल्यावर तिला परत वस्तीवर आणून टाकण्यात आलं होतं. तिच्या मृत्यूनंतर श्रमजीवी संघटनेने हे प्रकरण लावून धरलं आणि पारनेर-संगमनेर भागात मेंढपाळांकडे तशीच कामाला ठेवलेली आणखी कातकरी मुलं सापडत गेली. एकेका मुलाचा सौदा काही हजार रुपये आणि एखादी मेंढी एवढ्यावर ठरलेला होता.

या मुलांना कुणी तोंड दाबून पळवून नेलेलं नव्हतं. पोराच्या दोन वेळच्या जेवणाची सोय होईल, घरात चार पैसे येतील, वर्षाकाठी दारात एक मेंढी उभी राहील, एवढ्या आशेवर आईबापांनी मूल दुसऱ्याच्या हाती दिलं होतं. मुलांना फसवणारी माणसं बहुतेक वेळा अशीच येतात: गोड बोलत, काहीतरी देत, घरच्यांचा विश्वास मिळवत. आपण मात्र मुलांना सावध करतो ते अंधारातून झडप घालणाऱ्या परक्या माणसाबद्दल. जुलै २०१६ मध्ये कर्जत तालुक्यातल्या कोपर्डीत शाळकरी मुलीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला, त्याने सारा जिल्हा हादरला आणि घराघरांत मुलींच्या येण्याजाण्यावर बंधनं आली. ती धास्ती खरीच होती. पण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे एकच सांगतात: मुलांवरच्या बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक गुन्ह्यांत आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो. शेजारी, नात्यातला, शिकवणारा, गाडी चालवणारा, मोबाईलवर 'मित्र' झालेला.

आपल्याकडे पालक पोलिसांकडे जातात ते 'काही झाल्यावर'. त्याआधी संशय आला तरी, 'अजून काही घडलेलं नाही, उगाच बोभाटा कशाला' म्हणून गप्प बसतात. हा लेख त्या गप्प बसण्याच्या काळासाठी आहे. कारण आपला कायदा आमिषाच्या पायरीवरच हात घालतो. मुलाला हात लागलेला नसला, ते घर सोडून गेलेलं नसलं, तरी गुन्हा नोंदवता येतो. ही गोष्ट आपल्या चौदाही तालुक्यांत प्रत्येक अंगणवाडीत, शाळेच्या पालक सभेत आणि ग्रामसभेत सांगायला हवी.

फोनमधला 'मित्र'

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२, म्हणजे आपण ज्याला 'पॉक्सो' म्हणतो तो कायदा, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. १८ वर्षांखालचं प्रत्येक मूल त्यात येतं, मुलगा असो की मुलगी. मुलग्यांच्या बाबतीत गावात अजूनही 'पोराला काय होतंय' म्हणून सोडून देतात. कायदा तसं मानत नाही. या कायद्याचं कलम ११ फार कामाचं आहे आणि फार थोड्यांना माहीत आहे. वाईट हेतूने मुलाचा सतत पाठलाग करणं, फोनवरून किंवा इंटरनेटवरून वारंवार संपर्क साधत राहणं, त्याला अश्लील चित्रं दाखवणं, शरीर दाखवायला लावणं, फोटो-व्हिडिओ पसरवण्याची धमकी देणं, अश्लील चित्रणासाठी आमिष दाखवणं, हे सगळं त्या कलमाखाली लैंगिक छळ ठरतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. मुलाचं असं चित्रण प्रत्यक्ष केलं तर कलम १४ लागतं आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर तिथे किमान पाच वर्षांची कैद आहे.

याच्या जोडीला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७-ब आहे. लैंगिक हेतूने मुलाला ऑनलाइन नात्यात ओढणं, फूस लावणं, त्यासाठी नादी लावणं, एवढाच भाग तिथे स्वतंत्र गुन्हा आहे. पहिल्या वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. भेट झाली पाहिजे, फोटो गेला पाहिजे, अशी अट नाही.

हे नादी लावणं कसं चालतं ते पालकांनी नीट समजून घ्यावं. सुरुवात बहुधा एखाद्या ऑनलाइन खेळात किंवा इन्स्टाग्रामवर होते. समोरचा स्वतःला मुलाच्याच वयाचा सांगतो. पहिले काही दिवस नुसती चौकशी: जेवलीस का, अभ्यास झाला का, आई ओरडली का. मग तो मुलाच्या बाजूने घरच्यांवर रागावतो. 'तुला घरात कुणी समजून घेत नाही, मला सांगत जा.' मग खेळातली नाणी येतात किंवा रिचार्ज मारून दिला जातो. मग येतं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य: 'हे आपल्यातच ठेव.' त्यानंतर एक साधा फोटो, मग दुसऱ्या तऱ्हेचा, 'लगेच डिलीट करतो, आईशप्पथ.' तो फोटो हातात पडला की भाषा बदलते. आणखी पाठव, पैसे पाठव, अमक्या स्टँडवर ये, नाहीतर तुझ्या वर्गाच्या ग्रुपवर टाकतो.

गुपित ठेवायला सांगण्याची पायरी आली की पालकांनी थांबायचं नाही. मूल फोन पालथा ठेवू लागलं, रात्री पांघरुणाखाली टाइप करू लागलं, त्याच्याकडे कुठून आली कळत नाही अशी वस्तू दिसली, एकाच माणसाचं नाव घेतलं की ते गप्प होऊ लागलं, तर शांतपणे शेजारी बसून विचारा. पहिला प्रश्न 'तू काय केलंस' असा नको. 'कुणी तुला घाबरवतंय का' असा हवा. आपण आरडाओरडा केला, फोन काढून घेतला, शाळा बंद करायची भाषा केली, तर नेमकं तेच होतं जे समोरच्याने मुलाला आधी सांगून ठेवलेलं असतं: 'घरी कळलं तर तुलाच मारतील.'

पुरावा घरच्यांच्याच हातून नष्ट होतो, हे फार वेळा घडतं. संतापाने बाप चॅट पुसून टाकतो, आई सिमकार्ड मोडते. असं करू नका. संपूर्ण संभाषणाचे स्क्रीनशॉट घ्या, त्यात समोरच्याचं खातं, नंबर, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. प्रोफाइलची लिंक वहीत लिहून ठेवा. पैसे गेले असतील तर व्यवहाराचा क्रमांक जपून ठेवा. फोन जसा आहे तसा पोलिसांना दाखवा. समोरच्याला शिवीगाळ करू नका, सापळा लावायला जाऊ नका, पैसे तर मुळीच देऊ नका, कारण एकदा दिले की मागणी वाढते. आणि एक सावधगिरी फार महत्त्वाची आहे. मुलाचा आक्षेपार्ह फोटो 'बघा काय केलंय' म्हणून नातेवाइकांना किंवा गावच्या ग्रुपवर अजिबात पाठवू नका. असं चित्र पुढे पाठवणं हा तुमच्या हातून घडलेला गुन्हा ठरू शकतो. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की मुलांची अश्लील चित्रं पाहणं आणि साठवून ठेवणं हेही कायद्याच्या कचाट्यात येतं.

तक्रार जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा सायबर पोलिसांकडे करा, किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंदवा. मुलांच्या अश्लील चित्रांबाबतची तक्रार तिथे नाव न देताही करता येते. पैसे लुबाडले असतील तर १९३० वर ताबडतोब फोन लावा. जितक्या लवकर फोन, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. चित्र पसरण्याची भीती असेल तर 'टेक इट डाउन' नावाची मोफत सेवा आहे. त्यात चित्र कुणाला पाठवावं लागत नाही, त्याचा डिजिटल ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या तो ओळखून चित्र हटवतात. समाजमाध्यमांच्या तक्रार अधिकाऱ्याकडेही अर्ज करा. अशी चित्रं नियमाने काही तासांच्या मुदतीत काढावी लागतात.

'मिसिंग' घेतो म्हणाले तर

मूल घरातून निघून गेलं तर रात्रभर नातेवाइकांकडे फोन करत बसू नका. तासाभरात शोध लागला नाही की ठाण्यात जा किंवा ११२ वर फोन करा. ठाण्यात कधी कधी ऐकायला मिळतं, 'आधी मिसिंग दाखल करू, दोन दिवस वाट बघा.' १८ वर्षांखालच्या मुलाबाबत हे चालत नाही. बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये आदेश दिला, की हरवलेल्या मुलाची तक्रार आली की गुन्हाच नोंदवायचा आणि अपहरण किंवा मानवी वाहतूक झाली असं गृहीत धरून तपास करायचा. चार महिन्यांत शोध लागला नाही तर तपास मानवी वाहतूक प्रतिबंध कक्षाकडे जातो. तुम्ही नम्रपणे पण ठामपणे म्हणा, 'साहेब, मूल अठराच्या आतलं आहे, मिसिंग नको, फिर्याद घ्या.'

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम १३७ नुसार १८ वर्षांखालच्या मुलाला पालकांच्या ताब्यातून फूस लावून नेणं हे अपहरण आहे, शिक्षा सात वर्षांपर्यंत. जुन्या कायद्यात या बाबतीत मुलग्यांची मर्यादा १६ होती. आता दोघांनाही १८. मुलाला लैंगिक शोषणासाठी फूस लावून एका ठिकाणाहून दुसरीकडे जायला लावलं तर कलम ९६, दहा वर्षांपर्यंत कैद. आणि धाक, फसवणूक किंवा आमिष दाखवून कुणालाही शोषणासाठी नेणं, ठेवणं, हस्तांतरित करणं म्हणजे कलम १४३ खालची मानवी वाहतूक. बळी मूल असेल तर किमान दहा वर्षं, जन्मठेपेपर्यंत. 'ती स्वतःच्या मर्जीने आली होती' हा बचाव या कलमात चालत नाही. बळी ठरलेल्या व्यक्तीच्या संमतीला कायदा किंमत देत नाही.

इथे एक नाजूक गोष्ट बोलायला हवी. आपल्या जिल्ह्यात 'पळवून नेली' म्हणून दाखल होणाऱ्या तक्रारींमध्ये सतरा वर्षांची मुलगी आणि एकोणीस वर्षांचा मुलगा अशीही प्रकरणं असतात. कायदा १८ च्या आतली संमती मानत नाही, म्हणून मुलगा तुरुंगात जातो. अशा वेळी जातीचा किंवा भावकीचा राग पॉक्सोच्या आडून काढू नये, असं मला मनापासून वाटतं. त्यात दोन्ही लेकरांचं आयुष्य मोडतं आणि खऱ्या तक्रारींवरचा विश्वासही कमी होतो. पण उलट बाजूही तितकीच खरी. तीस वर्षांचा बाप्या चौदा वर्षांच्या मुलीला मोबाईल घेऊन देतो, गाडीवर फिरवतो आणि घरचे 'प्रेम आहे, लग्न लावून टाकू' म्हणून मिटवतात. त्याला प्रेम म्हणू नका. बालविवाह प्रतिबंध कायद्याच्या कलम १२ नुसार, अल्पवयीन मुलाला फूस लावून नेऊन, फसवून किंवा विकून लावलेलं लग्न मुळातच रद्दबातल आहे. ते रद्द करून घ्यायला वेगळी मुदत पाळत बसावं लागत नाही, कारण कायद्याच्या दृष्टीने ते झालेलंच नसतं.

कोयता निघताना

पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या गावांत दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जाणारे ट्रॅक्टर भरतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, जोडपं निघतं आणि मागे प्रश्न उरतो पोरांचा. लहानगी सोबत फडावर जातात. मोठी मुलगी आजीकडे राहते, किंवा 'जोखीम नको' म्हणून हंगामाआधीच उजवली जाते. या काळात घरी राहिलेल्या मुलांवर नजर ठेवणारे तेच असतात ज्यांना ठाऊक असतं की आईबाप चार-पाच महिने येणार नाहीत. फडावरच्या कोप्यांत दार नसतं, पहाटे तीनला आईबाप तोडीला गेलेले असतात.

निघण्यापूर्वी काही गोष्टी करून ठेवता येतात. मूल मागे राहणार असेल तर शाळेत मुख्याध्यापकांना सांगून हंगामी वसतिगृहाची किंवा संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहाची चौकशी करा. मूल कुणाकडे राहणार ते अंगणवाडी ताईंना आणि पोलीस पाटलांना सांगून जा. प्रत्येक गावात सरपंचांच्या अध्यक्षतेखाली ग्राम बाल संरक्षण समिती असायला हवी. ती कागदावर असेल तर ग्रामसभेत उभं राहून विचारा की शेवटची बैठक कधी झाली. बालविवाहाची कुणकुण लागली तर गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहे. त्याने कानाडोळा केला तर १०९८ वर फोन करा. हा क्रमांक चोवीस तास चालतो, फुकट आहे, आणि फोन करणाऱ्याने नाव सांगितलंच पाहिजे असं नाही. मुलाला स्वतःलाही तो लावता येतो. हा क्रमांक मुलांच्या तोंडपाठ करून घ्या.

फडावर, म्हणजे कोल्हापूर, सांगली किंवा थेट बेळगावकडे असताना काही घडलं तर 'गावी गेल्यावर बघू' असं करू नका. कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो, तो पुढे योग्य ठाण्याकडे वर्ग होतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हे आता लिहूनच ठेवलं आहे. फोनवरून, ऑनलाइन खबर दिली तरी चालते, फक्त तीन दिवसांत सही करावी लागते. फिर्यादीची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या.

ज्याला कळलं त्याची जबाबदारी

पॉक्सोच्या कलम १९ मधला एक शब्दप्रयोग माझ्या मते या सगळ्या कायद्यांचा कणा आहे. गुन्हा घडल्याचं कळलं तर कळवायचंच, पण गुन्हा घडण्याची शक्यता वाटली तरी कळवायचं, असं ते कलम सांगतं. हे बंधन फक्त पालकांवर नाही, प्रत्येकावर आहे. शिक्षक, डॉक्टर, आशाताई, शेजारी, वसतिगृहाचे अधीक्षक, आश्रमशाळेतला स्वयंपाकी. चांगल्या हेतूने खबर देणाऱ्यावर पुढे दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दाबला तर एक वर्षापर्यंत. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत चिमुकल्या मुलींवर झालेल्या अत्याचारानंतर नेमकं हेच पुढे आलं. शाळेने वेळेत कळवलं नाही म्हणून संस्थेच्या चालकांवरही पॉक्सोखाली गुन्हा दाखल झाला. 'शाळेची बदनामी होईल' ही सबब सांगणाऱ्या प्रत्येक संस्थाचालकाने ते प्रकरण आठवावं.

शिर्डी, शनिशिंगणापूर, मोहटादेवी, मढी अशा ठिकाणी गर्दीचा ओघ अखंड असतो. तिथल्या लॉजवाल्यांनी आणि फोटो स्टुडिओवाल्यांनी लक्षात ठेवावं: मुलांचं शोषण दाखवणारं काही चित्रण किंवा साहित्य नजरेस पडलं तर ते कळवणं कलम २० खाली तुमच्यावर बंधनकारक आहे. एकटं, भांबावलेलं मूल स्टँडवर दिसलं तर त्याला घरी घेऊन जाऊ नका, अगदी दयेनेही नाही. बाल न्याय कायद्यानुसार ते चोवीस तासांच्या आत पोलीस, १०९८ किंवा बाल कल्याण समितीपर्यंत पोहोचलं पाहिजे. स्नेहालयसारखी संस्था १९८९ पासून नगरच्या लालबत्ती भागातल्या बायका-मुलांसाठी काम करते आहे. तिथवर पोहोचलेल्या कितीतरी जणी नोकरीच्या किंवा लग्नाच्या वचनावर घरातून निघालेल्या असतात. स्टँडवर कुणीतरी वेळेवर एक फोन केला असता तर त्यातल्या काहींची वाट बदलली असती.

मोठी माणसंही जाळ्यात

आमिषाला फक्त मुलं बळी पडतात असं नाही. जून २०२३ मध्ये धाराशिव जिल्ह्यातल्या ढोकी पोलिसांनी विहिरींच्या कामावर डांबून ठेवलेल्या अकरा मजुरांची सुटका केली. दिवसभर विहीर खणायची आणि रात्री साखळीने बांधून ठेवायचं, असा तो प्रकार. यातली माणसं नगरच्या एका दलालामार्फत काही हजार रुपयांना ठेकेदारांना विकली गेल्याचं तेव्हा समोर आलं. काम देतो, जेवण देतो, एवढंच आमिष होतं. रेल्वे स्थानकावर, स्टँडवर बसलेला बेघर, व्यसनाधीन किंवा मनोरुग्ण माणूस अशा दलालाला सगळ्यात सोपा, कारण त्याला शोधायला कुणी येणार नसतं. शिर्डीतून बेपत्ता होणाऱ्या माणसांचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे आला, तेव्हा मानवी वाहतुकीच्या दिशेनेही तपास करा असं न्यायालयाने पोलिसांना सांगितलं होतं.

वस्तीवर, शेतावर, वीटभट्टीवर किंवा गोठ्यात एखादा माणूस असा राबताना दिसला, ज्याला पगार नाही, बाहेर जाण्याची मुभा नाही, बोलायला गेलं की मालक मध्ये पडतो, तर तहसीलदारांना किंवा प्रांतांना कळवा. वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा १९७६ पासून आहे. सुटका झाली की उचल, कर्ज, बाकी सगळं कायद्याने संपतं. सुटकेनंतर मुक्तता प्रमाणपत्र मागून घ्यायलाच हवं. पुनर्वसनाची मदत त्याच कागदावर मिळते. केंद्राच्या २०१६ च्या योजनेत पुरुषाला एक लाख, महिला आणि मुलांना दोन लाख, आणि लैंगिक शोषणासारख्या गंभीर प्रकरणात तीन लाखांपर्यंतची तरतूद आहे. त्यातली काही रक्कम तातडीची मदत म्हणून लगेच देता येते. सुटलेली माणसं हे प्रमाणपत्र न घेताच गावी परततात आणि काही महिन्यांत दुसऱ्या दलालाच्या हाती लागतात.

असंच सोपं सावज समजल्या जाणाऱ्या मतिमंद किंवा मूकबधिर मुलीच्या घरच्यांसाठीही एक सांगणं. 'तिला काय सांगता येणार' म्हणून तक्रार टाळू नका. अपंगत्वाचा फायदा घेऊन मुलावर केलेला बलात्कार पॉक्सोमध्ये अधिक गंभीर मानला आहे आणि त्याला किमान वीस वर्षांची कैद आहे. तिचा जबाब दुभाषाच्या किंवा विशेष शिक्षकाच्या मदतीने घेता येतो, त्याचं चित्रीकरणही होतं. ज्या विशेष शाळेत ती जाते तिथल्या बाईंना सोबत न्या. मुलीच्या खाणाखुणा त्यांना आपल्याइतक्याच कळतात.

ठाण्यात आणि न्यायालयात

मुलाचा जबाब ठाण्यातच दिला पाहिजे असं नाही. घरी किंवा मुलाला बरं वाटेल त्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, साध्या कपड्यांत घ्यावा असं पॉक्सोचं कलम २४ म्हणतं. मूल रात्री ठाण्यात ठेवता येत नाही, आरोपीच्या समोर आणता येत नाही. जबाब मुलाच्या शब्दांत, मुलाच्या बोलीत लिहिला जायला हवा. लिहिलेलं वाचून दाखवायला सांगा आणि मुलाने सांगितलेलं एखादं वाक्य गळलं असेल तर तिथेच दुरुस्त करून घ्या, कारण खटल्यात वकील त्यावरच बोट ठेवतात. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरनेच करायची, आईसमोर किंवा तिच्या विश्वासातल्या माणसासमोर. सरकारी असो की खासगी, दवाखान्याने पीडित मुलावर पहिले उपचार मोफतच करायचे असतात. आधी गुन्हा नोंदवून या, मग बघतो, असं म्हणता येत नाही. तपासणीआधी मुलीला आंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका. ते कागदी पिशवीत ठेवा.

ठाण्यात फिर्याद घेतलीच नाही तर जिल्हा पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तरी हललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. बलात्कार, मानवी वाहतूक अशा गुन्ह्यांची खबर नोंदवायला नकार देणाऱ्या पोलीस अधिकाऱ्यालाच न्याय संहितेच्या कलम १९९ खाली सहा महिने ते दोन वर्षांची शिक्षा होऊ शकते. हे माहीत असलेल्या माणसाशी ठाण्यात वेगळ्या सुरात बोललं जातं.

गुन्हा नोंदवल्यावर पोलिसांनी चोवीस तासांत बाल कल्याण समितीला कळवायचं असतं आणि समिती मुलासाठी एक साहाय्यक व्यक्ती नेमू शकते. ही व्यक्ती तपासापासून निकालापर्यंत मुलासोबत राहते, तारखा सांगते, न्यायालयात सोबत येते. कुणी आपणहून सांगणार नाही, तुम्हीच मागा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मिळतो आणि मनोधैर्य योजनेचा अर्जही तिथेच होतो. बलात्कार आणि पॉक्सोच्या पीडितांसाठी तिच्यात दहा लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे. अर्जासोबत फिर्यादीची प्रत, वैद्यकीय कागद आणि मुलाच्या नावाचं बँक खातं लागतं, ते आधीच काढून ठेवा. विशेष न्यायालयही खटल्यादरम्यान अंतरिम भरपाईचा आदेश देऊ शकतं. त्यासाठी निकालाची वाट पाहावी लागत नाही.

मुलाचं नाव, शाळा, गाव कळेल असं काहीही छापणं किंवा पसरवणं गुन्हा आहे. गावातल्या मोर्चाच्या फलकावर, बातमीच्या व्हिडिओखाली, श्रद्धांजलीच्या पोस्टमध्ये नाव टाकणारे हे विसरतात. शेजारपाजाऱ्यांना ते तुम्हीच सांगा.

कायद्याने मुलाची साक्ष दखल घेतल्यापासून तीस दिवसांत आणि खटला शक्यतो वर्षभरात संपवायचा असतो. प्रत्यक्षात वेळ लागतो, हे मनाशी धरून चला. साक्षीच्या आदल्या आठवड्यात सरकारी वकिलांना भेटून मुलाला रिकामं न्यायालय दाखवून आणा: साक्षीदार कुठे उभा राहतो, न्यायाधीश कुठे बसतात, आरोपी दिसू नये म्हणून पडदा कुठे असतो. सुनावणी बंद दाराआड होते. पालक किंवा मुलाच्या विश्वासातली व्यक्ती जवळ बसू शकते. मूल दमलं तर मध्ये थांबण्याची सोय आहे, आणि त्याला पुन्हा पुन्हा साक्षीला बोलावू नये असंही कायद्यात आहे. साक्षीची तारीख शाळेच्या परीक्षेच्या दिवशी आली तर गप्प बसून पेपर बुडवू नका. वेळापत्रकाची प्रत जोडून सरकारी वकिलांमार्फत आठवडाभर आधीच अर्ज द्या.